हिरामण मिस्त्रींचा कान

दिंडोरी नाक्यावर हिरामण मिस्त्रींचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. एक म्हणजे ते गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नसत, आणि त्यामुळे अर्धी गिऱ्हाइकं त्यांच्यावर रुसलेली असत. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा कान. गाडी गॅरेजच्या दारात वळायच्या आत मिस्त्री बाकावर बसल्या जागी सांगत, "तीन नंबरचा प्लग मारत नाही." मग बॉनेट उघडायचं ते केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एकदा तर त्यांनी नवरदेवाची गाडी भर रस्त्यात हात करून थांबवली आणि सांगितलं, की बेल्ट वाजतोय, पाच किलोमीटरच्या आत तुटेल. वऱ्हाडी हसले, निघून गेले, आणि नवरदेव म्हसरूळच्या पुढून ट्रॅक्टरवर बसून मांडवात पोचला. ही गोष्ट नाक्यावर इतक्यांदा सांगून झाली आहे, की आता त्या ट्रॅक्टरचा रंगसुद्धा ठरून गेला आहे.

गाडीला काय झालंय हे विचारायचं नसतं, ऐकायचं असतं, असं ते म्हणत. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस होता. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. इंजिनाच्या पोटातलं सगळं त्या सळईतून वर येई. ऐकून झालं, की मिस्त्री निकाल देत. सगळं ठीक असेल तर निकाल ठरलेला असे: "काही ऐकू येत नाही." नाक्यावर या चार शब्दांना मोठ्या डॉक्टरच्या रिपोर्टची किंमत होती. ते ऐकलं की माणूस निर्धास्तपणे मालेगावपर्यंत गाडी दामटायचा.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र मिस्त्रींच्या मते जगच जरा शांत झालं होतं. पंचवटीतल्या चिमण्या कुठं गेल्या कोण जाणे. नव्या गाड्या तर चोरासारख्या येतात आणि चोरासारख्या जातात. त्यांची बायको सुलाबाई आताशा तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली होती आणि वर "तुम्ही ऐकत नाही" म्हणून त्यांनाच बोल लावत होती. सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मिस्त्रींकडे असे. दोनदा डाळ करपली. त्यांनी शिट्टी खोलली, साफ केली, "हिच्यात दम राहिला नाही" म्हणून नवी आणून बसवली. तिसऱ्यांदाही डाळ करपली तेव्हा शिट्टी करणाऱ्याला चार शिव्या हासडल्या. डोळे अधू झाले, की माणसाला अक्षरं पुसट दिसतात आणि तो चष्मा करून आणतो. कान अधू झाले, की त्याला वाटतं लोकच हळू बोलायला लागले. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे बिघाड शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्यातला बिघाड सापडू नये, याला आमच्याकडे दिव्याखाली अंधार म्हणतात.

गॅरेजही शांतच झालं होतं. गाड्यांना कॉम्प्युटर आला आणि मिस्त्रींच्या कानाचं काम सरलं. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या. नेमानं येणारी अशी एकच उरली, उज्वलाबाईंची पांढरी एट हंड्रेड. उज्वलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, म्हसरूळला राहणाऱ्या. गाडी नवी होती तेव्हापासून मिस्त्रींशिवाय दुसऱ्या कुणाचा हात तिला लागला नव्हता. दर रविवारी आणि गुरुवारी बाई ती घेऊन वणीला जात. तिथं त्यांची थोरली बहीण लंकाबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती. सून दोन घास भरवायची, पण अंघोळ मात्र लंकाबाई धाकट्या बहिणीशिवाय कुणाच्या हातून करून घेत नसे. मधले दिवस ती तशीच पडून राही. उज्वलाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नसत. गाडी होती म्हणून लंकाबाईची अंघोळ होती.

दिवाळीच्या सुमारास बाई गॅरेजवर आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, चढाला बारीक टकटक येते हो. मला वाटतं इंजिनातून."

मिस्त्रींनी पेचकस लावला, डोळे मिटले, बराच वेळ उभे राहिले.

"काही ऐकू येत नाही, बाई."

"अहो, पण मला तर..."

"वय झालं की कान वाजतात माणसाचे," मिस्त्री हसून म्हणाले.

बाईही हसल्या. स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायचा की हिरामण मिस्त्रींच्या, हा नाक्यावर प्रश्नच नव्हता. त्या दिवसापासून बाईंनी ती टकटक ऐकणं सोडून दिलं.

फेब्रुवारीत त्या पुन्हा आल्या. या खेपेला हसत नव्हत्या. "मिस्त्री, गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही," त्या म्हणाल्या. आमच्याकडे म्हैस दूध देते आणि गाडी अ‍ॅव्हरेज देते, आणि दोन्ही आटलं की घरात सारखीच चिंता पसरते. लिटरला सोळा-सतरा देणारी गाडी दहावर आली होती. पेन्शनीत बसेल तेवढं पेट्रोल महिना संपायच्या आत संपत होतं. "गुरुवार बंद केला मी," बाई म्हणाल्या. "आठवड्याला एकच अंघोळ होते आता तिची. पाठीला फोड आलेत. मी निघताना काही बोलत नाही, नुसती भिंतीकडं तोंड करते."

हे मिस्त्रींनी नीट ऐकलं, कारण बाई समोर बसून, शाळेत शिकवल्यासारख्या ठासून बोलत असत. त्यांना फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "बाई, गाडी इथं ठेवा. पंधरा दिवसांत तुमचा गुरुवार चालू करून देतो. नाही जमलं तर पेचकस खाली ठेवीन."

असं बोलू नये माणसानं. पण बोलून गेले.

अ‍ॅव्हरेज काढायची मिस्त्रींची रीत जुनी आणि पक्की. टाकीची नळी सोडवायची, लिटरभर पेट्रोलची बाटली बॉनेटच्या आत सुतळीनं टांगायची, तिची नळी कार्बोरेटरला जोडायची आणि दिंडोरी रस्त्याला लागायचं. बाटली संपली की गाडी आचके देत थांबते. थांबली तिथं किलोमीटरचे आकडे वाचायचे. यात ना पंपवाल्याची लबाडी चालते, ना मालकाचा अंदाज. पहिली बाटली म्हसरूळ सोडून थोडं पुढं, चिमणाबाईच्या चहाच्या टपरीसमोर संपली. दहा किलोमीटर. चिमणाबाई पेठकडच्या डोंगरातली, द्राक्षांच्या कामाला म्हणून आलेली आणि टपरी टाकून इथंच राहिलेली. तिनं बंद पडलेली गाडी पाहिली आणि पातेलं चुलीवर चढवलं.

मग मिस्त्री बिघाडाच्या मागं लागले. चाकांत हवा कमी होती, ती भरली. गाडी जॅकवर घेऊन चाकं फिरवून पाहिली, तर मागचं डावं चाक ब्रेकला घासत होतं. मिस्त्रींना चोर पकडल्याचा आनंद झाला. ब्रेक मोकळा केला, बाटली लावली. चिमणाबाईची टपरी. हवेची जाळी धुळीनं बुजली होती, ती बदलली. टपरी. टाकीखाली अंग टाकून नळीचा इंच न् इंच चाचपला, थेंबाचाही पत्ता नव्हता. प्लग काढले, तर तिन्ही चुलीतून काढल्यासारखे काजळलेले. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. दुखणं कार्बोरेटरमध्ये आहे हे आता उघड होतं. त्यांनी पेट्रोल अडवणारी सुई बदलली, प्लग घासून लखलखीत केले, बाटली लावली.

"आलात? बसा, च्या टाकलाच हाय," चिमणाबाई म्हणाली.

प्रत्येक वेळी एक गोष्ट मात्र चुकत नव्हती. काम कुठलंही असो, शेवटचा हात कानाचा असे. दुपारी नाका जरा थंडावला, की मिस्त्री इंजिन चालू करत, डोळे मिटत आणि ट्युनिंग करत. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डेल्को एका हातानं केसभर फिरवायचा, दुसऱ्या हातानं कार्बोरेटरचे दोन स्क्रू, आणि इंजिनाचा सूर लागला की सोडून द्यायचं. हल्ली सूर लागायला वेळ लागे. इंजिन बंद पडतंय की काय असंच वाटत राही, म्हणून ते जरा रेस वाढवत, जरा पेट्रोल वाढवत, मग कुठं त्यांना बरं वाटे. ही त्यांच्या हातची कला होती, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवू नये तसं ट्युनिंगशिवाय गाडी सोडायची नाही. गाडीवर त्यांनी जो जो उपचार केला, तो तो या नैवेद्यानं धुऊन नेला. पण हे त्यांना कोण सांगणार?

चौदाव्या दिवशी त्यांनी कार्बोरेटर पुरता खोलला, भोकन् भोक धुतलं आणि परत बसवला. बसवताना डेल्को तात्पुरता खुणेला खूण जुळवून ठेवला आणि स्क्रू पूर्ण आवळून मग अडीच आटे मोकळे केले. खुणेला खूण आणि अडीच आटे, हे शिकाऊ माणसाचं काम. कान नसलेल्यानं करायचं. मिस्त्री फक्त सुरुवात म्हणून तसं ठेवत आणि मग कानानं पुढं नेत. पण त्या दिवशी नेमका एक नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघालेला, आणि त्याच्यापुढं डीजे. नाका अडला. डीजेच्या दणक्यानं मिस्त्रींची छाती हादरत होती, पत्र्याचं शटर थरथरत होतं. असल्या गोंधळात सूर कसा लागणार? आधी बाटली बघू, ट्युनिंग मग करू, असं म्हणून त्यांनी गल्लीतून गाडी काढली आणि रस्त्याला लागले.

चिमणाबाईची टपरी आली आणि गेली. मिस्त्रींनी आकड्यांवर नजर ठेवली. ढकांबे आलं. पुढचा चढही गाडीनं ओलांडला, आणि आक्राळे फाट्याच्या अलीकडे ती थांबली. सोळा किलोमीटर आणि वर थोडे. मिस्त्री खाली उतरले आणि वणीच्या दिशेनं दोन्ही हात जोडले. बाईंचा गुरुवार परत आला होता. चाळीस वर्षांच्या धंद्यात एवढा आनंद त्यांना क्वचित झाला असेल.

इथं थांबले असते तर निदान तो एक दिवस तरी त्यांचा झाला असता. पण चांगलं झालेलं काम जास्त चांगलं करायची खोड वाईट. नाक्यावर आले तेव्हा वरात गेली होती, दुपार निवांत होती. अडीच आट्यांवर सोळा, तर कानानं अठरा काढू, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि अर्धा तास मन लावून ट्युनिंग केलं. मनासारखा सूर लागला. केवळ हौस म्हणून दुसरी बाटली टांगली आणि पुन्हा निघाले.

गाडी चिमणाबाईच्या टपरीसमोर आचके देऊन थांबली.

मिस्त्रींनी बाटली पाहिली. रिकामी होती. नळी पाहिली, ती कुठं गळत नव्हती. आकडे वाचले, पुसून पुन्हा वाचले. चिमणाबाई चहाचा पेला घेऊन गाडीपाशी आली.

"मिस्त्री, मघा गेलात ते कळलं बी नाय मला. गाडी गपचिप गेली. पार वर गेल्यावर पाठमोरी दिसली. आन् आता हे काय? त्या वळणापासून लय बोंबलत आली. रोजच अशी बोंबलते."

"बोंबलते? कोण?"

"गाडी वो! दुसरं कोण?" ती त्यांच्या तोंडाकडं बघत मोठ्यानं म्हणाली. "आन् टकटक बी करते. कवाचीच करते."

मिस्त्रींनी चहाचा पेला टपावर ठेवला. त्यांनी जवळची राखीव बाटली टांगली, इंजिन चालू केलं, पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आत लांब कुठंतरी जातं फिरावं तशी घरघर होती, बाकी काही नाही. मग त्यांनी चिमणाबाईला बोलावलं आणि मूठ तिच्या कानाला लावायला सांगितली. तिनं पदर मागं सारला, कान लावला आणि लगेच दचकून मागं झाली.

"अगं बाई! आत सुतारपक्षी बसलाय जणू. टकटक, टकटक, टकटक. तुम्हाला नाय ऐकू येत?"

मिस्त्रींनी मूठ पुन्हा स्वतःच्या कानाला लावली. एका कानाला, मग दुसऱ्या. सळई तीच, इंजिन तेच. रस्त्यावरून द्राक्षांचे पिकअप जात होते आणि त्यांचेही हॉर्न वाजत असणार. दोन बाटल्यांच्या मध्ये या गाडीत काय बदललं होतं? ब्रेक तोच, जाळी तीच, सुई तीच. बदलला होता फक्त त्यांचा हात, आणि हाताला सांगणारा कान. चाळीस वर्षांत इतकं सोपं निदान त्यांना कधी करावं लागलं नव्हतं.

गॅरेजवर येऊन त्यांनी ऑइल तपासायची पट्टी ओढली. ऑइल पाण्यासारखं पातळ, आणि वास पेट्रोलचा. महिनोन् महिने जादा पेट्रोल पाजून पाजून ते खाली ऑइलात उतरलं होतं. खालचा नट उघडून त्यांनी ऑइल घमेल्यात सोडलं आणि उन्हात धरलं. त्यात जरीच्या साडीसारखी चमक होती. असल्या पातळ ऑइलावर फिरून इंजिनाचं बेअरिंग झिजून झिजून त्यात आलं होतं. दिवाळीत बाईंनी टकटक सांगितली तेव्हा तेवढं एक बेअरिंग बदलून भागलं असतं. आता त्यात फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडाही झिजून गेला होता. सातपूरच्या इंजिनवाल्याला त्यांनी तो नेऊन दाखवला, तेव्हा त्यानं मान हलवली आणि म्हणाला, की या मापाचा आता मिळत नाही, मिळाला तरी गाडीपेक्षा तो महाग पडेल. मिस्त्रींनी दांडा परत आणून होता तसा बसवला आणि नवं ऑइल भरून ठेवलं. बाईंची गाडी त्यांनी मारली होती. दुसरं कुणी नाही, त्यांनीच.

सुलाबाईंनी त्यांना ओढत कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून डॉक्टरांनी हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. मिस्त्री बटण धरून बसून राहिले. बाहेर काचेपलीकडं सुलाबाईंनी तोंडाला पदर लावला, तेव्हा त्यांना कळलं, की आवाज येऊन जातायत. डॉक्टर चांगले होते, समोर बसून सावकाश बोलले. नस सुकली आहे, बारीक आवाज गेले ते गेले, आणखीही जातील. त्यांनी आठ दिवस वापरून बघायला एक मशीन दिलं. मिस्त्री ते लावून थेट गाडीपाशी गेले. इंजिन चालू केलं आणि पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी डोक्यात हलवावेत तसं झालं. प्लग, बेल्ट, पंखा, रस्ता, सगळं एकाच मापाचं. त्या गोंगाटातून त्यांना एकही सूर निवडता येईना. मशीन काढून त्यांनी डबीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हसरूळला बाईंच्या घरी गेले. वाटेत वाक्य पाठ केलं होतं: बाई, माझा कान गेलाय, तुमची टकटक खरी होती. दार उघडलं तर बाईंनी बहिणीसाठी धुतलेली लुगडी घडी करून पिशवीत भरलेली. दुसरा दिवस गुरुवार होता.

"झाली गाडी?" बाईंनी विचारलं.

"इंजिन गेलं, बाई."

बाई खुर्चीवर बसल्या. पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. "वयच झालं तिचं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही तरी काय करणार? तुम्ही इतकं बघितलंत."

आता बोलायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. मिस्त्रींनी त्या पिशवीकडं पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "हो. वय झालं." कधी खोटं न बोललेल्या माणसानं ते बोलायचं ठरवलं, की एवढ्यानंही भागतं.

गाडी न्यायला भंगारवाला दिनेश आला. बाईही शेवटचं बघायला रिक्षा करून आल्या होत्या. दिनेश आत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. मिस्त्री चार पावलांवर शटरचं कुलूप पुसत पाठमोरे उभे होते. कारण नसताना कुलूप पुसत होते.

दिनेशनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अरे, बेअरिंग कसलं ठोकतंय! सहा महिने तरी झाले असतील. मिस्त्री, तुमच्यासारख्या माणसाला ऐकू आलं नाही का?"

मिस्त्री वळले नाहीत. त्यांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. मग कुणीतरी आपल्याला काही विचारलंय असं जाणवून ते वळले आणि हल्ली सगळ्याच गोष्टींना करत तशी हसून मान डोलावली.

उज्वलाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. तीस-पस्तीस वर्षं वर्गात मागच्या बाकावरचं कोणतं पोर ऐकत नाही ते ओळखणाऱ्या बाई. त्या डोलणाऱ्या मानेत त्यांना सगळं दिसलं. दिवाळी, पेचकस, कान वाजतात माणसाचे, बंद झालेला गुरुवार. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मिस्त्री तो चेहरा बघत होते आणि त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. बाई दिनेशकडं वळल्या, पण तोंड मिस्त्रींना दिसत होतं, आणि ओठ त्या नेहमीसारखे स्पष्ट हलवत.

"त्यांनी सांगितलं होतं मला दिवाळीतच. मीच दुर्लक्ष केलं."

शब्द न् शब्द मिस्त्रींना दिसला. त्यांना वाटलं, बाईंनी चारचौघांत मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. ते पुढं झाले, पण बाई रिक्षात बसल्या होत्या आणि त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"कान म्हणजे कान!" दिनेश त्यांच्या खांद्यावर थाप मारून ओरडला. एवढं मात्र त्यांना ऐकू आलं.

पुढं उज्वलाबाई महिन्यातून एकदा, शेजारच्यांच्या हातापाया पडून, कुणाच्या तरी गाडीनं वणीला जात. एप्रिलात लंकाबाईच्या जखमा चिघळल्या. मे महिन्यात बाईंना जाण्याची गरज उरली नाही. मिस्त्री दहाव्याला जाऊन आले. बाईंनी त्यांना चहा दिला, गाडीचं नाव काढलं नाही.

पेचकस खाली ठेवायचा म्हणून त्यांनी गॅरेज बंद करायचं ठरवलं होतं. पण दिनेशनं दिवाळीतला तो कान नाक्यानाक्यावर पोचवला होता. जूनच्या एका सकाळी एक जुनी व्हॅन दारात येऊन उभी राहिली. वणीकडचे भाजीवाले खंडेराव उतरले. "मिस्त्री, गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही. आन् आतून कायतरी वाजतं, असा वहीम येतो. दिनेश बोलला, नाशकात कान एकच हाय. तुम्ही म्हणाल ते खरं."

मिस्त्री नको म्हणत होते, पण खंडेरावांनी पेचकस खुंटीवरून स्वतःच काढून त्यांच्या हातात दिला. हाताला सवय होती. टोक इंजिनाला टेकलं, मूठ कानाला लागली, डोळे मिटले. आत लांबचं जातंसुद्धा आता नव्हतं. मग त्यांना वाटलं, बस झालं. एकदा तरी खरं बोलावं. जे बाईंच्या दारात बोलायला हवं होतं, ते निदान या अनोळखी माणसाला सांगावं. त्यांनी डोळे उघडले, खंडेरावांकडं सरळ पाहिलं आणि मोठ्यानं सांगून टाकलं.

"काही ऐकू येत नाही."

खंडेरावांचा चेहरा उजळला. त्यांनी मिस्त्रींचे दोन्ही हात धरले, काहीतरी म्हणाले, पुन्हा म्हणाले, पायांनाही हात लावला आणि बॉनेट आपटून गाडीत जाऊन बसले.

"अहो, तसं नाही! मला! मला ऐकू येत नाही!" मिस्त्री ओरडले. किती मोठ्यानं ओरडले, ते त्यांना कळलं नाही. खंडेरावांनी खिडकीतून हात हलवला आणि व्हॅन दिंडोरी रस्त्याला लागली. तिच्या मागून काळा धूर निघत होता. तो मात्र मिस्त्रींना पार वळणापर्यंत दिसत राहिला.